'अहो' आणि 'तू' यांच्या मधली कविता

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: लग्नाला 22 वर्षे झाली, नवऱ्यावर एखादी कविता लिहावी असे मनापासून वाटते, पण लिहायला बसले की शुभेच्छापत्रावरचा मजकूर तयार होतो. शिवाय घरी 'अहो' म्हणण्याची सवय असल्यामुळे कवितेत 'तू' लिहिले की खोटे वाटते आणि 'तुम्ही' लिहिले की रजेचा अर्ज केल्यासारखे वाटते. पती-पत्नीमधली गाढ निष्ठा जुन्या-नव्या कवितेत कशी व्यक्त झाली आहे आणि त्यातून आपण काय उचलावे, असे आपण विचारले आहे.

मी पंचवीसेक वर्षे कवितेच्या कार्यशाळा घेते आणि एका वार्षिक अंकासाठी आलेल्या कविता निवडते. त्या गठ्ठ्यात जोडीदारावरच्या कविता दर वर्षी असतात आणि त्यांतल्या बहुतेक मला परत पाठवाव्या लागतात. लिहिणाऱ्याचे प्रेम कच्चे असते असे नाही. कवितेत तो माणूसच सापडत नाही. 'तूच श्वास, तूच ध्यास' या ओळीतल्या 'तू'च्या जागी गावातल्या कोणालाही बसवले तरी ओळीचे काही बिघडत नाही. माझी स्वतःची पहिली कविता याच जातीची होती. लग्नाच्या दहाव्या वर्षी मी नवऱ्यावर सोळा ओळी लिहिल्या. त्यांत चंद्र होता, किनारा होता, वटवृक्ष तर होताच. त्यांनी कागद नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि अगदी प्रामाणिकपणे विचारले, "छान आहे. कोणावर लिहिली आहे?" तेव्हा मला राग आला होता. आज माझ्यासमोर येणाऱ्या प्रत्येक कवितेला मी तोच प्रश्न विचारते.

तेव्हा 'तू' की 'तुम्ही' हा आपला पेच महत्त्वाचा आहे आणि त्याकडे मी येणारच आहे, पण मूळ अडचण त्याच्या एक पायरी अलीकडे आहे. प्रेमकविता अडथळ्यावर जगते. भेट होईल की नाही, समोरचा माणूस होकार देईल की नाही, घरचे काय म्हणतील, या अनिश्चिततेतून तिला ताण मिळतो. संसारात हे सगळे प्रश्न केव्हाच निकाली निघालेले असतात. ज्याच्यावर कविता लिहायची तो पलीकडच्या खोलीतून टॉवेल कुठे आहे म्हणून विचारत असतो. मग लिहिणारा ताणाची उणीव विशेषणांनी भरून काढू पाहतो: अथांग, अतूट, अनंत, जन्मोजन्मीचे. जे पक्के आहे तेच पुन्हा पुन्हा मोठ्याने सांगितले की त्याची घोषणा होते, आणि ऐकणाऱ्याला नसती शंका येऊ लागते.

'निष्ठा' हा शब्दच पाहा. त्याच्या पोटात 'स्था' हा धातू आहे, म्हणजे उभे असणे, टिकून राहणे. निष्ठा ही स्थिती आहे, आणि स्थितीत काही घडत नसते. कवितेला मात्र काहीतरी घडावे लागते, मग ते कितीही लहान असो. म्हणून या विषयावर लिहिणाऱ्याचे खरे काम म्हणजे त्या मुरलेल्या स्थितीला एखादा प्रसंग शोधून देणे, असा प्रसंग की ज्यात ती न सांगता दिसेल. मला पटलेली चांगली उदाहरणे या एकाच कसोटीवर उतरतात, म्हणून त्यांतली काही जरा जवळून पाहू.

सर्वांत जुना धडा आपल्याच अंगणात आहे. हाल सातवाहनाच्या नावाने ओळखली जाणारी गाथासप्तशती म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे गाथांचा संग्रह. एक गाथा म्हणजे जेमतेम दोन ओळी. तिच्यात चोरट्या प्रेमाच्या गाथा पुष्कळ आहेत, पण नवरा-बायकोच्याही आहेत, आणि लिहिणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर त्या अधिक अवघड आहेत. एका गाथेत गृहिणी स्वयंपाकघरात राबते आहे. काजळीने माखलेला हात तिने नकळत चेहऱ्याला लावला आहे. नवऱ्याला हसू येते, कारण तो चेहरा आता चंद्राच्या अवस्थेला पोचला आहे. बस, इतकेच. चेहऱ्याला चंद्र म्हणणे आज तरी पार झिजून गेलेले आहे. या कवीने ती उपमा टाकली नाही. तिला डाग लावला. चंद्रावर डाग असतो हे कोणालाही ठाऊक असते, पण बायकोच्या गालावरची काजळी पाहून ते आठवायला तिच्याकडे कामाच्या वेळी, ती सजलेली नसताना, निवांतपणे पाहण्याची सवय असावी लागते. गाथेत कोणी कोणाला काही कबूल करत नाही. एक जण कामात आहे आणि दुसरा त्याच्याकडे पाहतो आहे. आणि तो हसतो, हेही विसरू नका. शुभेच्छापत्रातला नवरा कधी हसत नाही, तो फक्त भारावलेला असतो.

दुसरी गाथा विरहाची आहे. नवरा प्रवासाला गेला आहे आणि ती भिंतीवर रेघा ओढून दिवस मोजते आहे. 'अज्जं गओ', आज गेला, आज गेला, आज गेला, असे तीनदा म्हणत ती रेघ ओढत राहते, आणि पहिला दिवस अर्धा सरतो न सरतो तोच भिंत रेघांनी भरून जाते. दिवसाला एक रेघ, हा साधा हिशेब. तो तिच्याकडून चुकतो. ती चुकते आहे हे आपल्याला दिसते, तिला दिसत नाही, आणि तिच्या मनात काय चालले आहे हे सांगण्यासाठी कवीला एकही शब्द खर्चावा लागत नाही. कार्यशाळेत मी ही गाथा सांगते तेव्हा बहुतेकांना वाटते की कमाल त्या पुनरुक्तीची आहे. मला वाटते ती भिंतीची आहे. भिंत घराची आहे, दोघांची आहे, आणि तो परत येईल तेव्हा त्याला ती दिसणार आहे.

आता ज्यांत ताटातूट नाही, अगदी शेजारी शेजारी असण्याचे सुख आहे, अशा ओळी घेऊ. असे फार थोडे लिहिले गेले आहे आणि जे लिहिले गेले त्यात भवभूतीच्या 'उत्तररामचरित' या संस्कृत नाटकाचा पहिला अंक मला सर्वांत वर ठेवावासा वाटतो. राम सीतेला वनवासातल्या एका रात्रीची आठवण करून देतो: गालाला गाल टेकवून आपण हळूहळू काहीबाही बोलत होतो आणि कोणता प्रहर केव्हा गेला हे न कळता रात्रच संपली. मूळ श्लोकाची सुरुवात 'किमपि किमपि मन्दं मन्दम्' अशी आहे. 'किमपि' म्हणजे काहीतरी, काहीही. बोलणे कशाबद्दल होते हे कवी सांगत नाही, कारण ते कशाबद्दलच नव्हते. नवख्या प्रेमिकांच्या बोलण्याला विषय लागतो. मुरलेल्या जोडप्याला तो लागत नाही, आणि ही सूक्ष्म गोष्ट भवभूतीने एका अनिश्चित सर्वनामात बसवली आहे. त्याच अंकात 'अद्वैतं सुखदुःखयोः' हा प्रसिद्ध श्लोक येतो. त्यात सुखदुःखातले अद्वैत, हृदयाचा विसावा, म्हातारपणीही न ओसरणारा रस असे सगळे आहे, पण मला त्यातला 'कालेनावरणात्ययात्' हा तुकडा सर्वांत मोलाचा वाटतो: काळ जातो तशी मधली आवरणे गळून पडतात आणि स्नेहाचे सार तेवढे उरते. आपल्याजवळ 22 वर्षे आहेत. कोणते आवरण केव्हा गळून पडले, हे आपल्याला ठाऊक असणार. माझ्या लेखी तिथे एक कविता आहे.

एक गोष्ट मात्र नजरेआड करू नये. हा श्लोक म्हणणारा राम त्याच अंकात सीतेचा त्याग करतो, आणि ती त्या वेळी त्याच्या विश्वासावर झोपलेली आहे. प्रेक्षकाला पुढचे ठाऊक आहे म्हणूनच तो श्लोक काळजाला लागतो. नाटकातून उचलून लग्नपत्रिकेवर छापला की त्यातले निम्मे गेलेच.

विलापाकडे मी जरा सावधपणे वळते, कारण या विषयावरची मोठी कविता बहुतेक वेळा जोडीदार गेल्यावर लिहिलेली असते आणि तिची नक्कल हयात माणसावर केली तर फार विचित्र दिसते. कालिदासाच्या 'रघुवंश' या महाकाव्याच्या आठव्या सर्गात राणी इंदुमती गेल्यावर राजा अज जो शोक करतो त्यातली 'गृहिणी सचिवः सखी मिथः प्रियशिष्या ललिते कलाविधौ' ही ओळ पुष्कळांना पाठ असते. घर सांभाळणारी, सल्ला देणारी, एकांतातली मैत्रीण, कलांमधली लाडकी शिष्या. निर्दय मृत्यूने तुला नेताना माझे काय म्हणून ठेवले, असा तो प्रश्न आहे. या ओळीत विशेषण म्हणावे असे जवळजवळ काही नाही, चार नाती आहेत, आणि प्रत्येक नात्याला दिवसातली आपली अशी एक वेळ आहे. 'शिष्या' हा शब्द आज खटकेल आणि खटकायलाच हवा, पण त्यामागे एक खरे दृश्य आहे: दोघे बसले आहेत, तो काही शिकवतो आहे, ती शिकते आहे. जाता जाता एक कारागिरीची गोष्ट सांगते. अजाचा विलाप ज्या वियोगिनी वृत्तात आहे त्याच वृत्तात कुमारसंभवातला रतीचा विलापही आहे. पत्नीसाठी रडणारा पती आणि पतीसाठी रडणारी पत्नी या दोघांना कालिदासाने एकच चाल दिली. आपल्या परंपरेत निष्ठेची अपेक्षा बहुधा एकाच बाजूकडून केली गेली, म्हणून मला हे लहानसे साम्य लक्षात ठेवण्याजोगे वाटते.

मराठीत याच जागी मी बहिणाबाई चौधरींच्या चार ओळी ठेवते. लहान वयात वैधव्य आलेली, अक्षरओळख नसलेली, काम करता करता ओव्या रचणारी ही बाई. तिची गाणी पुस्तकरूपाने आली ती 1952 साली, ती गेल्यानंतर. त्या ओळी अशा:

लपे करमाची रेखा
माझ्या कुंकवाच्या खाली
पुशीसनी गेलं कुकू
रेखा उघडी पडली

चार ओळी, प्रत्येकीत आठ अक्षरे. नवरा कसा होता, त्याच्यावर किती जीव होता, यातले काही त्यांत नाही. कुंकू म्हणजे नवरा हे समीकरण भाषेने आधीच करून ठेवलेले आहे, त्यामुळे 'कुंकू पुसणे' हा वाक्प्रचार झिजून गुळगुळीत झाला होता. बहिणाबाईंनी त्या वाक्प्रचाराला पुन्हा कपाळावर नेऊन ठेवले, खऱ्याखुऱ्या कातडीवर, आणि विचारले की त्या ठिपक्याखाली काय होते. खाली नशिबाची रेघ होती. म्हणजे इतकी वर्षे तो माणूस तिच्या आणि तिच्या नशिबाच्या मध्ये उभा होता. कोणी एखाद्याबद्दल याहून मोठे काय म्हणणार? आणि तरी सगळे मिळून हे एक निरीक्षण आहे, शपथ नव्हे.

इंदिरा संतांचे नाव आपण घेतले नाही, तरी त्यांची कविता आपण जरूर वाचावी. नवरा-बायको दोघेही कविता लिहिणारे, 'सहवास' हा त्यांचा एकत्रित संग्रह. 1946 साली ना. मा. संत गेले आणि त्यानंतर 'शेला' आणि 'मेंदी' यांसारख्या संग्रहांतून त्यांची एकटीची कविता येत राहिली. तिच्यात जाणवणारा सूर विरहाचा आहे आणि आक्रोश फार थोडा. याच्या अगदी उलट टोकाला सावित्रीबाई फुले. जोतिराव 1890 साली गेले आणि त्यानंतर त्यांनी 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' हे पद्य लिहिले, पण त्यात स्वतःचे दुःख मांडत बसल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याला घराच्या चौकटीत न ठेवता इतिहासात उभे केले. ज्या जोडप्याचे आयुष्य एका कामात गेले आहे त्यांच्यासाठी हाही एक मार्ग आहे: माणसावर न लिहिता, दोघांनी मिळून जे केले त्यावर लिहिणे.

आता एक इशारा. संतांच्या विराणीत देवाला पती मानून त्याच्यासाठी झुरणे आहे आणि ती कविता थोर आहे. पण तीच भाषा उलटी फिरवून नवऱ्याला देव केले की कविता आरती होते. आरतीत देवाचा चेहरा सर्वांच्या देव्हाऱ्यात सारखाच असतो. 'पतिपरमेश्वर' थाटाच्या कवितेतला नवरा कधी घोरत नाही, कधी चुकत नाही, वाद घालून पुन्हा चहा विचारायला येत नाही. भक्ती आणि निष्ठा यांत मी व्यवहारापुरता एक फरक करते: भक्ती वर पाहते, निष्ठा समोर पाहते. समोर पाहिले की उणिवाही दिसतात, आणि उणीव दिसत असूनही जे टिकले आहे त्याचीच कविता लिहायची असते.

एवढे झाल्यावर 'अहो'कडे वळू. हा पेच आपल्या एकटीचा नाही. मराठी बायकांनी तो फार पूर्वीपासून आपापल्या परीने सोडवला आहे. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, त्याला थेट हाक मारायची नाही, अशा घरांत त्याच्याविषयी बोलायचे कसे? जात्यावरच्या ओवीने उत्तर काढले की त्याच्याशी बोलायचेच नाही, सखीशी बोलायचे, जात्याशी बोलायचे, विठ्ठलाशी बोलायचे. तो 'भरतार' म्हणून येतो, 'चुडा' म्हणून येतो. माझ्या वाचनातल्या ओव्यांत भावावरच्या जितक्या आहेत तितक्या नवऱ्यावरच्या नाहीत, पण ज्या आहेत त्यांत तो बहुधा कोणा तिसऱ्याला सांगितलेला आहे. उखाण्याने याच्या नेमके उलट केले: नाव घ्यायचे, पण यमकाच्या आडोशाने. उखाण्यातली पहिली ओळ बहुतेकदा भरतीची असते आणि सगळ्यांचे कान शेवटच्या नावावर असतात. त्यात साहित्य थोडे असेल, पण नाव उच्चारण्याआधीचा तो क्षणभराचा थांबा ज्याने ऐकला आहे त्याला त्याची ताकद ठाऊक आहे. संस्कृत नाटकातली सीताही रामाला 'आर्यपुत्र' म्हणते, म्हणजे सासऱ्यांचा मुलगा. 'अहो'चेच ते आजोबा.

लिहिताना आपल्यापुढे तीन वाटा आहेत. 'तू' ही पहिली. मराठीत आईला 'तू', देवाला 'तू', आणि कवितेतही 'तू' हेच रुळलेले आहे. बहुतेक घरांत नवऱ्याला 'तू' म्हणण्याची पद्धत नव्हती त्या काळातही कवयित्रींनी कवितेत 'तू' लिहिले, आणि ते खोटे वाटले नाही, कारण ती हाक तोंडाची नव्हती, मनातली होती. आपण स्वतःशी विचार करताना त्यांना काय म्हणता, हे एकदा तपासून पाहा. मनातही 'अहो'च असेल तर 'तू' लिहू नका. दुसरी वाट 'तुम्ही'ची. ती अवघड आहे, पण तिच्यात एक लपलेली सोय आहे. 'तू येतोस' म्हटले की क्रियापद पुरुषाचे होते, 'तुम्ही येता' म्हटले की ते कोणाचेही असू शकते. आदराबरोबर एक झाकलेपण येते आणि ते घरगुती कवितेला शोभते. अर्जासारखे वाटते ते 'तुम्ही'मुळे नव्हे, त्याच्यासोबत आपोआप येणाऱ्या 'आपल्या सहवासात', 'आपल्या प्रेरणेने' या भाषेमुळे. 'तुम्ही'च्या शेजारी जड शब्द ठेवू नका. 'तुम्ही पंखा एकवर ठेवता, मला थंडी वाजते म्हणून' ही ओळ अर्ज वाटत नाही.

तिसरी वाट मला आपल्यासाठी सर्वांत योग्य वाटते: 'हे'. मराठी बायको नवऱ्याबद्दल तिसऱ्या माणसाशी बोलताना 'हे' म्हणते. 'हे आले', 'ह्यांना चालत नाही', 'आमच्या ह्यांचं काही विचारू नका'. नुसते एक दर्शक सर्वनाम आहे, जवळच्या वस्तूकडे बोट दाखवणारे, पण ऐकणाऱ्याला एका क्षणात कळते कोण ते. संपूर्ण भाषेत त्या घरापुरता 'हे' एकच असतो. कविता एखाद्या मैत्रिणीला, बहिणीला किंवा लेकीला उद्देशून लिहा आणि त्यांना 'हे'च ठेवा. ओवीची जुनी युक्ती आपोआप हाताशी येईल, आणि ज्याच्यावर लिहिले आहे तो ती कविता शेजारच्या खोलीतून ऐकल्यासारखी वाचेल.

प्रत्यक्ष काम कसे होते ते एका उदाहरणाने सांगते. एका कार्यशाळेत एक गृहस्थ बायकोवर चोवीस ओळी घेऊन आले. पहिले कडवे असे होते:

तूच माझी सावली, तूच माझी साथ
अंधारल्या वाटेवरी तूच चांदरात

तेविसाव्या ओळीत कुठेतरी 'तू चष्मा विसरतेस' असे होते, तेही यमक जुळवण्यासाठी. मी त्यांना विचारले की चष्मा विसरल्यावर नेमके काय होते. ते बोलू लागले आणि दहा मिनिटे थांबले नाहीत. तिसऱ्या खर्ड्यानंतर कवितेत एवढेच उरले:

पलीकडच्या खोलीत चष्मा शोधणारा तुझा हात
मला इथून ऐकू येतो:
आधी उशी, मग खिडकी, मग टेबलाचा खण.
मी पुस्तकातून मान वर करत नाही.
आता तू येशील, आणि माझ्या खिशात बघशील.

चोवीस ओळींतल्या तेवीस गेल्या याचे त्यांना वाईट वाटले, आणि ते साहजिक आहे. पण पाहा, नव्या पाच ओळींत 'साथ' हा शब्द नसूनही ती आहे. शोधण्याचा क्रम त्याला पाठ आहे. तो उठत नाही, यात थोडा आळस आहे, थोडी खोडी आहे आणि ती येणारच ही खात्री आहे. चष्मा त्याच्या खिशात का, हे कवी सांगत नाही. मीही विचारले नाही. यमक गेले, पण त्याची गरज उरली नव्हती. आपल्याला छंदात लिहायचे असेल तर अष्टाक्षरी घ्या, बोलण्याच्या सर्वांत जवळची ती आहे. चालीसाठी शब्द भरावा लागला की मात्र थांबा, कारण भरतीचा शब्द जवळजवळ नेहमी मोठा आणि पोकळ असतो.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. कविता फक्त त्यांच्या हातात देणार असाल तर तिच्यात दोघांनाच कळणारे कितीही येऊ द्या. चार पाहुण्यांसमोर वाचणार असाल तर एखादा धागा बाहेरच्याला धरता येईल असा ठेवा, आणि त्यांच्या संकोचाचाही विचार करा, कारण काही माणसांना सर्वांसमोर झालेले कौतुक शिक्षेसारखे वाटते. 22 वर्षांत कडवट काळ गेला असेल तर तो कवितेत आणायचा की नाही, हे तो खरोखर मागे पडला आहे की नाही यावर ठरेल. भांडण मिटलेले असेल तर त्याच्या उल्लेखाने कविता खोल होते; मिटलेले नसेल तर कविता त्या भांडणाचा पुढचा भाग होते. त्यांना कविता वाचण्याची सवय नसेल तर घाबरू नका, असे वाचक तपशिलाला फार चोख असतात.

सुरुवात म्हणून आठवडाभर कविता न लिहिता नुसती टिपणे करा, दिवसाला एक, 'ते काय करतात' एवढेच. 'ते कसे आहेत' हे लिहू नका. 'प्रेमळ' हे टिपण नव्हे. 'माझा फोन लागला नाही की कोपऱ्यापर्यंत चालत येतात' हे टिपण आहे. सात दिवसांनी त्यांतली सहा खोडा. उरलेल्या एकाला आपण का खोडले नाही, याचा विचार करत बसा, आणि मग लिहा.

माझी दुसरी कविता मी अशीच लिहिली, पहिलीनंतर नऊ वर्षांनी. रात्री सगळे निजल्यावर आमचे हे दाराची कडी पाहून येतात, पुन्हा उठतात आणि पुन्हा पाहून येतात, एवढाच तिचा विषय होता, आणि ते दुसऱ्यांदा उठतात तेव्हा मी झोपेचे सोंग घेते, एवढी तिची शेवटची ओळ. कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन वेळा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "दोनदा नाही, तीनदा पाहतो. तिसऱ्या वेळी तू खरंच झोपलेली असतेस."